काकूंचा पाय, काकांचा पाना

घरमालक खोली दाखवताना ती आहे त्यापेक्षा मोठी करून दाखवतात, हा माझा अनुभव. अमरावतीत मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर सहा वर्षं राहिले, त्या काकांनी ती लहान करून दाखवली. मी अकोल्याहून इथल्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला आले होते. दलालानं दहा बाय बाराची खोली म्हणून सांगितलं होतं. काका जिना चढून आले ते हातात टेप घेऊनच.

“दहा नाई. धरा हे टोक,” ते म्हणाले.

मी टोक भिंतीला धरलं. ते दुसऱ्या भिंतीशी गेले आणि म्हणाले, “नऊ फूट दहा इंच. पाहा.”

“हो, नऊ फूट दहा,” मी म्हणाले.

“तुमी पाह्यलंच नाई मॅडम. तुमी तं टोकापाशी उभ्या. आकडे इकडे हायेत.”

मला त्यांच्या बाजूला जावं लागलं. नऊ फूट साडेनऊ इंच होती. अर्धा इंच त्यांनी मुद्दाम वाढवून सांगितला होता, मी पाहते की नाही ते बघायला. भाडेकरू पारखायच्या पुष्कळ रीती मी ऐकल्या होत्या, ही नवी होती. मी नापास झाले, पण खोली मिळाली. “शिकवनारी मानसं अशीच असतात,” एवढं म्हणून त्यांनी किल्ली दिली.

काका वजनमापे खात्यात निरीक्षक होते. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण ते खातं सोडून आले तरी खातं त्यांना सोडून गेलं नव्हतं. दिवाणखान्यात देवाच्या फोटोखाली एक तराजू होता आणि शेजारी लाकडी पेटीत ओळीनं लावलेली पितळी वजनं. घरात येणारी प्रत्येक वस्तू आधी तिथं थांबायची. मला कॉलेजात कायम केल्याचे पेढे मी खाली घेऊन गेले, तर अभिनंदनाच्या आधी त्यांनी पेढे ताटात काढून रिकामा डबा तोलला. “पाहा, इतला पुठ्ठा तुमी पेढ्याच्या भावानं घेतला,” असं सांगून मग एक पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, “पेढा बाकी बरा हाये.”

“तोंडानं सांगू नोका, काट्यावर ठेवा.” हे त्यांचं वाक्य सगळ्या गोष्टींना चालायचं. दूधवाल्याला, डॉक्टरला, निवडणुकीच्या उमेदवाराला. माझ्या विषयाबद्दल त्यांचं मत होतं की इतिहास म्हणजे वजन न करता विकलेला माल. मी त्यांच्याशी यावर वाद घातला नाही, कारण तेव्हा मी एका स्मरणिकेसाठी लेख लिहीत होते आणि त्यात काय काय न तोलता घातलं आहे ते मला माहीत होतं.

त्यांच्या निरोप समारंभाची गोष्ट काकूंनी मला सांगितली होती. भाषणं झाली, शाल झाली, आणि व्यापाऱ्यांच्या वतीनं आठवण म्हणून एक छोटा पितळी तराजू त्यांना देण्यात आला. काकांनी तो व्यासपीठावरच उचलून पाहिला. एक पारडं खाली जात होतं. अध्यक्ष बोलत होते, आणि हे खिसे चाचपत होते. शेवटी घरी येऊन हलक्या पारड्याखाली मेणाचा ठिपका लावला तेव्हा जेवले. तो तराजू अजून कपाटात आहे, मेणासकट. सचोटीचाही एक थाट असतो, आणि काकांना तो होता, हे मी नाकारत नाही. शाल पांघरून मिरवणाऱ्यांना ते हसायचे, पण मेणाचा तो ठिपका ते प्रत्येक पाहुण्याला दाखवायचे.

या माणसाचा जगात फक्त एका गोष्टीवर तपासणीविना विश्वास होता. ती गोष्ट म्हणजे काकू.

तोही पहिल्या दिवसापासून नव्हता. काकू वलगावच्या, भाजीपाला पिकवून विकणाऱ्या घरच्या. लहानपणापासून मेथीच्या जुड्या बांधलेल्या, वांग्यांचे वाटे लावलेले. हातात घेतलं की वजन सांगायच्या. लग्न करून आल्यावर त्या सहज म्हणाल्या, “हे वांगे पाव कमी किलो हायेत.” नवरदेव उठले आणि वांगी तराजूत घातली. बरोबर निघालं. दुसऱ्या दिवशी भेंडी, तिसऱ्या दिवशी कोहळ्याची फोड. सहा महिने हे चाललं. “मले वाटलं, मानूस येडा हाये का काय,” काकू सांगत. “मंग एक दिवस मी म्हनलं अर्धा किलो, अन् हे उठलेच नाई. जेवत राह्यले. त्या दिवशी मले वाटलं, आता झालं लगन.”

काकांकडे एक जुनी पांढरी मोटार होती. तिचं मॉडेल कंपनीनं केव्हाच बंद केलं होतं. तिला त्यांनी कधी गॅरेजचं तोंड दाखवलं नाही. गॅरेजवाला म्हणतो ‘झालं’, आणि ते ‘झालं’ काट्यावर ठेवता येत नाही, अशी त्यांची तक्रार. आमच्या समोर एकानं नवी कोरी गाडी घेतली, तिला हार घातला, चारी चाकांखाली लिंबं ठेवली, गुरुजींनी मंत्र म्हटले. काका फाटकाशी उभे राहून सगळं शांतपणे पाहत होते. शेवटी मालकानं विचारलं, “कशी वाटली गाडी, काका?”

“लिंबं मस्त फुटले,” काका म्हणाले. “ब्रेक पाह्यले का?”

ब्रेक हा त्यांच्या भक्तीचा विषय होता. वर्षातून एकदा, थंडी पडली की एखाद्या रविवारी दुपारी, अंगणात ब्रेकची हवा काढायचा कार्यक्रम व्हायचा. वरच्या खिडकीतून मी तो दर वर्षी पाहिला, त्यामुळे त्यातलं थोडं मला समजतं. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं. पेडल दाबलं की तेल पुढं रेटलं जातं आणि चाक धरतं. तेल दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. म्हणून नळीत हवेचा बुडबुडा शिरला की पेडल मऊ लागतं. पाय सगळा दाबला जातो आणि चाक अर्धंच धरतं. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरतो. दुसरा चाकापाशी बसून तिथली छोटी तोटी पान्यानं सैल करतो. मग तेल आणि हवा बाहेर येतात आणि आतल्याचं पेडल, ओल्या काळ्या मातीत पाय रुतावा तसं, खाली जातं. तोटी पुन्हा बंद होईपर्यंत आतल्यानं पाय उचलायचा नाही. उचलला, तर तीच तोटी बाहेरची हवा आत ओढून घेते आणि केलेलं सगळं पाण्यात.

आत काकू बसायच्या. काका चाकापाशी पाटावर. तोटीला सलाईनची जुनी नळी लावलेली, तिचं दुसरं टोक एका रिकाम्या डब्यात मोकळं सोडलेलं. आणि मग सुरू व्हायचं.

“दाब.”

“दाबला!”

“धर.”

“धरला!”

पाना फिरायचा, तेल यायचं, पाना पुन्हा आवळायचा.

“सोड.”

“सोडला!”

उत्तर आल्याशिवाय पाना हलायचा नाही. चार चाकं, दर चाकाला दहा-बारा वेळा. मी वर पेपर तपासत असायचे आणि खालून हे येत राहायचं, आरतीसारखं, फक्त आरतीत असते ती घाई नसायची. एका वर्षी काकूंना ताप होता म्हणून मी म्हटलं, “काका, मी बसते आत.”

“नाई मॅडम.”

“का? पेडलच तर दाबायचं.”

“तुमी टेप न पाहता नऊ फूट दहा म्हनलं होतं,” ते म्हणाले आणि कार्यक्रम पुढच्या रविवारवर ढकलला.

ज्या वर्षाची गोष्ट मला सांगायची आहे, ते माझं तिथलं चौथं वर्ष. त्यांची एकुलती एक मुलगी धारणीला शाळेत शिकवते. जावईही तिकडेच नोकरीला. तिला सातवा महिना संपत आला होता आणि पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तिला आणायला जायचं होतं. परतवाड्याच्या पुढे घाट सुरू होतो. वळणं, उतार, अर्धा रस्ता खड्ड्यांचा. एसटीनं किंवा कोंबलेल्या जीपनं तिला आणायला काकू तयार नव्हत्या, आणि भाड्याच्या गाडीच्या ब्रेकची ग्वाही द्यायला काका तयार नव्हते. म्हणजे पांढरी गाडीच जाणार. काकांनी पुढच्या चाकांचे ब्रेक पॅड नवे आणले, जाडी मापून घातले, आणि ठरल्या रविवारी हवा काढली. दाब, दाबला. धर, धरला.

पण पेडल मऊच राहिलं.

“बसंल हळूहळू. नवे पॅड हायेत,” काका म्हणाले. त्यांच्या तोंडून इतकं मोघम वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं.

दोन दिवसांनी काकूंना वलगावला भावाकडे जायचं होतं. गाडीची परीक्षाही होईल म्हणून काकांनी ती काढली. मला सुट्टी होती, मी मागे बसले. वलगावच्या अलीकडे पुढचा टेम्पो, संत्र्याच्या क्रेटांनी भरलेला, एकदम थांबला. काकांनी ब्रेक दाबला. त्यांचा पाय तळाशी गेलेला मला मागून दिसला. त्यांनी तो उचलून पुन्हा मारला, तिसऱ्यांदा मारला, आणि हँडब्रेक ओढला. गाडी थांबली तेव्हा पुढच्या काचेत संत्र्यांशिवाय दुसरं काही दिसत नव्हतं.

मग काका उतरले, खिशातून टेप काढला आणि गाडी आणि टेम्पो यांच्यातलं अंतर मोजलं.

टेम्पोवाला उतरून मागे आला होता. “काय मोजून राह्यले काका?”

“सात इंच,” काका म्हणाले.

“जागा घेता का रस्त्यावर?” तो हसत निघून गेला. काका हसले नाहीत. काकू पुढच्या सीटवर उजवा गुडघा दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या. मला वाटलं, घाबरल्या असतील.

त्यानंतरचे दिवस काका गाडीखालीच होते. त्यांनी एकेकाचा जबाब घेतला. ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा खोटा असेल म्हणून दुसरा आणला. रबरी नळ्या बदलल्या. पेडलखालचा मुख्य सिलेंडर उघडून त्यातले रबर बदलले. जेवताना बोलत नव्हते. पेपर वाचत नव्हते. धारणीहून रोज फोन यायचा. काकू “येतो व बाई, चार दिवसांत येतो” म्हणायच्या, आणि काका अंगणातून ओरडायचे, “तारीख सांगू नोको!”

पुढच्या रविवारी पुन्हा हवा काढली. नळीतून येणाऱ्या तेलात बुडबुडे होते. पुन्हा दाब, पुन्हा धर. बुडबुडे संपेनात. काका पाटावर बसून त्या नळीकडे बघत होते. ज्या दुकानदाराचं वजन बरोबर आहे आणि तरी गिऱ्हाईक कमी माल घेऊन चाललंय, त्याच्याकडे ते असेच बघत असणार.

मी त्या वेळी जिन्यावरून उतरत होते. जिना गाडीच्या उजव्या अंगाला आहे आणि काच खाली होती. काका मागच्या डाव्या चाकाशी, त्यांना आतलं काही दिसत नव्हतं. मला दिसलं. काकूंनी दोन्ही तळहात मांडीवर रोवले होते आणि सगळा भार देऊन पाय खाली दाबत होत्या. पाय थरथरत होता. “धर,” बाहेरून आलं. “धरला!” काकू खणखणीत म्हणाल्या. पाना फिरला, पेडल खाली गेलं, आणि काकांनी पाना आवळायच्या आत तो गुडघा आपोआप वर आला. बोटभर. काकूंनी डोळे मिटले.

मग त्यांनी ते उघडले तेव्हा समोर मी.

संध्याकाळी त्या चहा घेऊन वर आल्या. एवढ्या वर्षांत त्या कधी चहा घेऊन वर आल्या नव्हत्या, मीच खाली जायचे. जिना चढताना दर पायरीवर थांबत होत्या.

“कधीपासून दुखतो?” मी विचारलं.

“दोन दिवाळ्या झाल्या. मांगच्या वर्षी जमलं कसंतरी. आता धरवत नाई.”

“काकांना सांगा ना.”

“नाई मॅडम. अन् तुमीबी सांगू नोका.”

“काकू, घाट आहे. ताई गाडीत असणार.”

“मले समजत नाई का? रात रात झोप नाई मले.” त्यांनी कप खाली ठेवला. “मी म्हनलं त्याईले, एकडाव गॅरेजले टाका. ऐकत नाई. म्हनतात, दोष सापडल्याशिवाय कोनाच्या हाती देनार नाई.”

“दोष तुम्हाला माहीत आहे.”

“हाव.” त्यांनी खिडकीतून खाली अंगणात पाहिलं. “या मानसानं जनमभर कोनाचं मानलं नाई बाई. साह्यबाचं नाई, भावाचं नाई, लेकीचं बी मार्कशीट पाह्यल्यावर मानलं. एक माह्या हाताचं मानलं अन् एक माह्या पायाचं. आता म्हनू का, मी ‘धरला’ म्हनत होते ते खोटं होतं?”

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला साक्षीदार खोटं का बोलतो याची कारणं पाठ असतात. पण हे कारण कुठल्या पुस्तकात नव्हतं. मी त्यांना शब्दही दिला नाही आणि नकारही दिला नाही. त्या रिकामे कप घेऊन हळूहळू खाली गेल्या.

दोन दिवस मी स्वतःशी हुज्जत घातली. सांगितलं तर चाळीस वर्षांचा एक विश्वास मोडायचा. न सांगितलं तर तो विश्वास, एक गरोदर मुलगी आणि दोन म्हातारी माणसं घाट उतरणार, मऊ पेडलवर. इतक्या सोप्या गणिताला मला दोन दिवस का लागावेत, हे मला अजून कळत नाही. तिसऱ्या दिवशी काकू देवळात गेल्या होत्या तेव्हा मी खाली गेले. काका ओट्यावर जुनं रबर बोटांनी ताणून बघत होते.

“काका,” मी म्हणाले, “तुम्ही सगळं काट्यावर ठेवलं. तेल, नळ्या, सिलेंडर. एक गोष्ट ठेवली नाही.”

त्यांनी मान वर केली नाही. रबर ताणलेलंच राहिलं. मला वाटलं, आता विचारतील कोणती. त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, “मॅडम, तुमाले कॉलेजले उशीर होत असंन.”

त्या दिवशी मला कॉलेज नव्हतं, आणि ते त्यांना माहीत होतं.

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळीच काकू भावाबरोबर वलगावला गेल्या. बाळंतिणीसाठी घरचा डिंक आणि मेथ्या आणायच्या होत्या. जाण्याची घाई काकांनीच लावली होती. त्या दिसेनाशा झाल्या आणि मी खिडकीतून पाहिलं, काका गाडी जॅकवर चढवत होते. एकटेच. मी खाली गेले.

या वेळी डबा नव्हता. काचेची एक बाटली होती, निम्मी ब्रेक ऑइलनं भरलेली, आणि सलाईनच्या नळीचं टोक त्यात खोल बुडवलेलं होतं. काकांनी तोटी सैल केली, उठून आत जाऊन बसले, पेडल सावकाश दाबलं, सावकाश सोडलं. पुन्हा दाबलं. उतरून बाटली पाहिली. तेल पाहिलं, वरून भर घातली, परत आत. तोटी उघडीच होती आणि पाय सुटत होता, तरी हवा आत जात नव्हती. नळीचं तोंड तेलाखाली असल्यावर पाय उचलला की मागे ओढलं जातं ते तेलच, हे एवढं माझ्याही डोक्यात शिरलं. दुसऱ्या माणसाची गरजच नव्हती.

“ही रीत नवी शिकलात?” मी विचारलं.

“नाई. पयलेपासून माहीत हाये.”

“मग इतकी वर्षं काकूंना कशाला बसवत होता?”

त्यांनी पाना फडक्याला पुसला. एकदा पुसून झाल्यावर पुन्हा पुसला.

“एकट्यानं होते,” ते म्हणाले. “पन एकट्यानं कायले कराचं?”

मी बाटलीकडे बोट दाखवलं. “निदान नळी तरी बुडवून ठेवायची. धोका राहिला नसता.”

“तुमाले समजलं नाई मॅडम.” आवाज तक्रारीचा नव्हता, खोलीचं माप समजावतानाचा होता. “नळी बुडोली म्हंजे तिच्या पायावर भरोसा नाई, असं झालं. दर वर्षी मी ते टोक मोकळं ठेवलं. मुद्दाम.”

दुपारपर्यंत चारी चाकं झाली. त्यांनी मला आत बसवून पेडल दाबायला लावलं. ते दगडासारखं घट्ट होतं. मग ते एकटेच गाडी घेऊन बाहेर पडले, वेगात नेऊन ब्रेक मारून पाहायचं असेल, आणि तासाभरानं परतले तेव्हा शीळ घालत होते. काकांना शीळ येते हे मला ठाऊक नव्हतं. बाटली त्यांनी पाण्यानं नाही, कोरड्या कापडानं पुसून पुस्तकांच्या मागे ठेवली, दारूची लपवावी तशी.

रविवारी दुपारी मी जिन्यावर आले तर अंगणात पाट मांडलेला. काका चाकाशी बसलेले. सलाईनची नळी, रिकामा डबा, सगळं पूर्वीसारखं. काकू आत बसत होत्या, दरवाजाला धरून, पाय आधी हातानं उचलून आत ठेवत.

“शेवटचं पाहून घेऊ,” काका म्हणाले. “मंगळवारी निंघू.”

काकूंचा चेहरा उतरलेला होता. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

“दाब.”

“दाबला!”

“धर.”

“धरला!”

मी या वेळी काकूंच्या बाजूला नव्हते, उतरून काकांच्या बाजूला गेले होते. पाना तोटीवर नीट बसवलेला होता. त्यांचा हात पान्यावर होता. हात हलला नाही. नळी कोरडी होती. त्यांनी तेवढा वेळ जाऊ दिला, जेवढा वेळ पाना फिरवायला आणि आवळायला लागतो. किंचित कमीच.

“सोड.”

“सोडला!”

चार चाकं झाली. दर चाकाला तीनच वेळा, पूर्वी दहा-बारा वेळा व्हायचं. लिंबं फोडणाऱ्यांना हसणारा हा माणूस पाट एका चाकापासून दुसऱ्या चाकापाशी नेत होता, दर वेळी नळी लावत होता, काढत होता, रिकाम्या डब्यात वाकून बघत होता. त्यांनी एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही आणि मीही हसले नाही. शेवटी ते उठले, कमरेवर हात ठेवून म्हणाले, “निंघाली हवा. आता कसं लागते पेडल?”

आतून पेडल आणखी एकदा दाबल्याचा आवाज आला.

“घट्ट,” काकू म्हणाल्या.

मंगळवारी ती दोघं धारणीला गेली आणि बुधवारी मुलीला घेऊन घाट उतरून आली. मुलगी मागच्या सीटवर उशांत बसली होती. फाटकातून आत येता येता ती मला म्हणाली, “बाबांनी घाटात कुठं ब्रेक मारला ते कळलंसुद्धा नाही.” काका ऐकून न ऐकल्यासारखं करून जॅक जागेवर ठेवत होते. पुढं यथावकाश नातू झाला. दवाखान्यातून घरी आणल्यावर काकांनी त्याला आधी तराजूपाशी नेलं, हे सांगायला नको. पण तराजूत घातला नाही. काकूंच्या हातात दिला आणि विचारलं, “किती?” काकूंनी सांगितलं. काकांनी तो आकडा दवाखान्याच्या कागदाशी ताडून पाहिला नाही. कागद माझ्या हातात होता, म्हणून मी पाहिला.

मी अमरावती सोडून अकोल्याला परत आले त्याच्या आदल्या दिवशी काकू पुन्हा वर आल्या, सामान बांधायला मदत म्हणून. पुस्तकांच्या खोक्यावर बसल्या आणि खोकं किती किलोचं असेल ते सांगून झालं. मग म्हणाल्या, “त्या रविवारचं एक इचारू?”

“विचारा.”

“पेडल खाली गेलंच नाई, मॅडम. एकडावबी नाई. तोटी उघडली की पाय आत जाते. इतले वर्सं दाबलं, मले समजत नसंन का?”

मी सुतळीची गाठ मारत राहिले.

“त्याईले सांगू नोका,” काकू म्हणाल्या. “अजून बसवतात मले दर वर्षी. बसू द्या.”

गेल्या थंडीत एका कामासाठी अमरावतीला गेले होते. रविवार होता, दुपारची वेळ. रिक्षा कोपऱ्यावर सोडून चालत निघाले. फाटकाशी पोचले तो आतून आवाज आला, “धर.” मी कडीवर ठेवलेला हात तसाच ठेवला.

“धरला!”

काकांचा आवाज आता बराच खाली आलाय, काकूंचा तेवढाच आहे. मी फाटकाबाहेर उभी राहिले, आणि “सोडला” ऐकू आल्यावर कडी काढली.